दोन काठांची बेरीज

गावाबाहेरच्या तळ्यावर दर हिवाळ्यात किती थापट्या बदकं उतरतात, हे मोजायला दोन माणसं होती आणि ती दोन माणसं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. बदकांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. अडायचं ते बाईंचं. कारण पूर्वेच्या काठावर स्टूल टाकून बसायचे ते बाईंचे यजमान आणि पश्चिमेच्या काठावर दगडावर बसायचा तो बाईंचा पाठचा भाऊ.

बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावात अजून त्यांना कुणी घोळात घ्यायला धजत नसे. "किती वाजले?" असं त्यांनी विचारलं तर माणसं "साडेनऊ झाले असतील" असं न म्हणता खिशातून घड्याळ काढून "नऊ सत्तावीस" म्हणत.

यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या गावाला भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली आणि ज्यांना ती वाचता आली नाही त्यांच्याकडे जरा दयेने पाहिलं. भाऊ घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावून जन्म गेल्यामुळे भिंग नसतानाही तो जगाकडे एक डोळा बारीक करूनच बघे. जगाला वाटे, हा आपल्यावर संशय घेतोय. जगाचं बरोबर होतं.

या तिघांचं मिळून पक्षिमित्र मंडळ होतं. पूर्वी त्यात तीस सभासद होते, पण थंडीत पहाटे उठून बदकं मोजायची असतात हे कळल्यावर सत्तावीस जणांचं पक्ष्यांवरचं प्रेम घरच्या घरी राहिलं. बाई चिटणीस होत्या. अध्यक्षपद रिकामं होतं, कारण दोघांपैकी एकाला अध्यक्ष केलं तर दुसरा राजीनामा देणार हे बाईंना पक्कं माहीत होतं.

थापट्याची चोच गवंड्याच्या थापीसारखी पुढे रुंद होत गेलेली असते. तो पाण्याला चोच लावून सरळ रेषेत पुढे जात राहतो. लांबून पाहिलं तर कुणीतरी मन लावून फरशी पुसत चाललंय असं वाटतं. हजारो मैलांवरून येऊन हा पक्षी चार महिने आपल्या गावचं तळं पुसतो, याचं बाईंना फार अप्रूप होतं.

मोजणीची पद्धत ठरलेली होती. तळ्याच्या दक्षिणेला बांध, बांधाच्या मधोमध जुनं पंपघर. पंपघरापासून समोरच्या वडापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढायची. रेघेच्या अलीकडचं, म्हणजे पूर्वेचं पाणी यजमानांचं, पलीकडचं भावाचं. सकाळी सात ते आठ मोजायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठीची घडी बाईंच्या हातात द्यायची. बाईंनी दोन चिठ्ठ्यांची बेरीज करून पाणथळ विभागाला फॉर्म पाठवायचा.

यजमान थव्याने मोजत. नजरेने दहाचा गठ्ठा उचलायचा आणि बाजूला ठेवायचा, पुन्हा दहाचा उचलायचा. भाऊ एकेक पक्षी मोजे. त्यासाठी त्याने गजराच्या जुन्या घड्याळाची चाकं काढून एक पितळी मोजयंत्र केलं होतं. पक्षी दिसला की खटका दाबायचा, आकडा एकाने पुढे सरके. शांत सकाळी तो 'खट्' पाण्यावरून थेट समोरच्या काठापर्यंत ऐकू जाई. पहिल्या वर्षी बदकं दचकून उडाली. पुढे त्यांना सवय झाली. यजमानांना झाली नाही.

"तुझ्या भावाला सांग, मोजणी आहे, टांगा हाकायचा नाहीये," ते म्हणायचे.

भांडण झालं ते मात्र खटक्यावरून नाही. अकरा वर्षांपूर्वी धुक्याच्या एका सकाळी यजमानांना पश्चिमेच्या पाणकणसांत, म्हणजे काठच्या उंच गवतात, तापस दिसला. तापस हा बगळ्याच्या कुळातला फार लाजाळू पक्षी. चोच आभाळाकडे करून गवतात तासन्‌तास ठोंब्यासारखा उभा राहतो. यजमानांनी तो दोन तास पाहिला, त्याचं वर्णन लिहिलं आणि विभागाच्या वार्षिक अंकात ते छापूनही आलं. मग भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, ती सिमेंटची गोणी होती. मी जवळ जाऊन बघून आलो."

"तू गेलास म्हणून तो उडाला," यजमान म्हणाले.

"आणि जाताना गोणी ठेवून गेला?"

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. निरोप बाईंमार्फत जात. यजमान "तुझा भाऊ" म्हणत, भाऊ "तुझे ते" म्हणे. बाई मोजणीच्या दिवशी थर्मास घेऊन आधी पूर्वेला एक कप, मग बांधावरून चालत जाऊन पश्चिमेला एक कप चहा देत. त्यांनी स्वतः मात्र इतक्या वर्षांत एकही बदक मोजलं नव्हतं. त्यांचं काम बेरजेचं.

आणि ती बेरीज भांडणानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दुप्पट झाली. चारशे पस्तीसवरून एकदम आठशे साठ. बाईंचा आधी विश्वास बसला नाही. तीन वेळा बेरीज करून पाहिली, तिन्ही वेळा बरोबर आली. वाईट बातमी आली की माणूस तिची पाळंमुळं खणून काढतो. चांगली बातमी आली की तिला आत घेतो, बसवतो, चहा विचारतो. विभागाने मंडळाला काचेचं बदक देऊन गौरव केला. ते बदक कमी आणि किटली जास्त दिसत होतं, पण बाईंनी ते पुढच्या खोलीत सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. आकडा पुढे तसाच टिकला. पाणकणसांत कुणी गुरं सोडू नये म्हणून, काठावर कचरा टाकू नये म्हणून केलेली सगळी वणवण कामी आली असं बाईंना वाटे, आणि सकाळी केस विंचरताना त्या आरशात स्वतःकडे जरा आदराने पाहत.

या हिवाळ्यात आठशे अडुसष्ट झाले. तीन आठवड्यांनी विभागाचं पत्र आलं.

पत्रात मंडळाचं अभिनंदन होतं. मंडळाच्या अथक प्रयत्नांमुळे पक्षी दुप्पट झाले. तळं मात्र तेवढंच राहिलं. यावरून पक्ष्यांनी निम्म्या जागेत राहण्याची क्षमता सिद्ध केली आहे. सबब तळ्याचा पश्चिमेकडील निम्मा भाग, तेथील पाणकणसं काढून, नौकाविहारासाठी विकसित करण्याचं योजिलं आहे. उद्घाटनाला चिटणिसांनी अवश्य यावं.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. पश्चिमेचं गवत म्हणजे नुसतं गवत नव्हे. थापट्या दिवसभर पाणी पुसून झाल्यावर त्याच्याच आडोशाला निजतात. उन्हाळ्यात टिबुकल्या तिथेच तरंगती घरटी बांधतात, पाणकोंबड्या पिल्लं काढतात. तिथे रंगीत होड्या आल्या की पक्षी पूर्वेच्या उघड्या पाण्यावर दाटीवाटीने राहणार नव्हते. ते सरळ निघून जाणार होते.

हरकत नोंदवायची म्हणून बाईंनी दुपारी बिस्किटांचा जुना डबा खाली काढला. त्यात सगळ्या वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. हरकतीला पुरावे लागतात आणि पुरावे काढायला बसलं की नको ते निघतं. नऊ वर्षांपूर्वीच्या यजमानांच्या चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "एक चांदवा, डावा पंख पांढरा. पाणकणसांच्या कडेला. ७.२०." त्याच दिवशीच्या भावाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "१ चांदवा, डावा पंख पांढरा, पाणकणसांलगत, ७ वा. २० मि. ४० से."

चांदवा तसा काळाकुट्ट पाणपक्षी, पांढऱ्या पंखाचा एखादाच. बाईंनी चष्मा पुसला. पाणकणसं पश्चिमेला. यजमानांची हद्द पूर्वेची.

मग त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या जोडीजोडीने जमिनीवर मांडल्या. भांडणाच्या आधी एकावर दोनशे दहा, एकावर दोनशे पंचवीस. भांडणानंतर चारशे तीस, चारशे तीस. चारशे चाळीस, चारशे सदतीस. गेली चार वर्षं तर यजमानांचा आकडा भावाच्या आकड्यापेक्षा दर वेळी बरोबर चारने जास्त. त्याआधी यजमानांचे सगळे आकडे शून्यावर संपायचे, ही चार वर्षं संपत नव्हते. त्यांची मोजणी सुधारली म्हणून बाईंनी त्यांचं कौतुकही केलं होतं.

यजमान खिडकीशी पेपर नाकाला लावून वाचत होते.

"अहो, पांढऱ्या पंखाचा चांदवा तुम्ही पाहिला होतात?"

"पाहिला होता ना. सुंदर होता."

"पाणकणसांत?"

"तिथेच. कडेला."

"ती बाजू तुमची नाही."

पेपर हळूहळू खाली आला. यजमान म्हणाले, "पाहायला काय हरकत आहे? पाहिलं. मोजलं नाही." बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंचं असं पाहणं झेलणं सोपं नसतं. "बरं, मोजलं," यजमान म्हणाले. "तुझ्या भावावर निम्मं तळं सोडून कसं चालेल? त्याला पक्षी आणि गोणी यांतला फरक कळत नाही."

"आणि चिठ्ठीवर सगळ्या तळ्याचा आकडा लिहिलात?"

"सगळं मोजून निम्मं लिहिलं असतं तर ती लबाडी झाली असती."

बाई चप्पल घालून भावाच्या दुकानात गेल्या. तिथे भिंतीवर तीस घड्याळं होती आणि तिसांत एक सेकंदाचा फरक नव्हता. भावाने मान वर केली नाही.

"तू सगळं तळं मोजतोस?"

"अर्थात," भाऊ म्हणाला. "ताई, तुझ्या त्यांचा आकडा नेहमी दहाने भागला जायचा. देवाने एखादा थवा दहा-दहाच्या पाकिटात पाठवलेला पाहिलायस कधी? मी म्हटलं, आपण आपलं पूर्ण मोजावं. त्यांचा आकडा तू केराच्या टोपलीत टाकत असशील."

"मी बेरीज करत होते."

भावाने मान वर केली. भिंग डोळ्यातून खाली पडलं. "अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"ताई," भाऊ म्हणाला, "तू तर गणिताची बाई आहेस."

घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की आपली बेरीज एकदाही चुकलेली नाही. ती करणंच चुकलं. पक्षी दुप्पट झाले नव्हते. अकरा वर्षं उन्हातान्हात केलेल्या खटाटोपाचं फळ एवढंच, की होते तेवढे राहिले. ज्यांच्याबद्दल दुप्पट-दुप्पट म्हणून आपण मिरवलो ते निम्मे पक्षी या जगात कधी नव्हतेच. बाईंना त्या नसलेल्या पक्ष्यांचं वाईट वाटलं, आणि आपल्याला नसलेल्या पक्ष्यांचं वाईट वाटतंय याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या विभागात गेल्या. साहेब मनाने चांगले होते. त्यांच्या टेबलावर एक फाईल, एक रोप आणि थकलेला पंखा होता.

"साहेब, पक्षी दुप्पट झालेले नाहीत," बाई म्हणाल्या. "मोजणारे दुप्पट झाले." आणि त्यांनी सगळं सांगितलं. गोणीसकट.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग दार लावून आले. "बाई, हा आकडा आम्ही अकरा वर्षं वर पाठवलाय. वरच्यांनी त्यांच्या वर पाठवलाय. आता तो इतका वर गेलाय, की तो आमचा होता हेही तिथे कुणाला आठवत नसेल. बेरीज चुकली म्हणून तो खाली आणता येत नाही."

"मग कसा आणता येतो?"

"पक्षी कमी झाले तर येतो." साहेबांनी रोपाचं एक पिवळं पान खुडलं. "पाचशेच्या खाली संख्या गेली तर तळं संवेदनशील होतं. मग तिथे होडी काय, कागदाची नावसुद्धा सोडता येत नाही. फेरमोजणी करा. एकाच जागेवरून, एकाच वेळी, दोन मोजणीदार, एक आकडा, दोन सह्या आणि मी समोर. पण याच आठवड्यात. पुढच्या सोमवारी इंजिनीअर धक्क्याची आखणी करायला येतायत." त्यांनी पान कुंडीत टाकलं. "आणि एक लक्षात ठेवा. कागदोपत्री पक्षी तुमच्या कारकिर्दीत निम्मे झाले, असं दिसेल."

"दिसू दे," बाई म्हणाल्या.

ऊन चढायला लागलं होतं. थापट्यांचे लहान लहान थवे संध्याकाळी उठून तळ्यावर दोन घिरट्या घालत आणि पुन्हा बसत. ही त्यांची जाण्याची तालीम. आठवड्याभरात पाणी रिकामं झालं असतं तर मोजायला काही उरलं नसतं.

सगळं तळं एका नजरेत दिसेल अशी जागा एकच, पंपघराचं छप्पर. बाईंनी यजमानांना सांगितलं, "शुक्रवारी सात वाजता." भावाला सांगितलं, "शुक्रवारी सात वाजता." दोघांनीही "तो येणार असेल तर मी येत नाही" असं आपापल्या शब्दांत सांगितलं. बाई दोघांनाही म्हणाल्या, "येऊ नका. मी साहेबांना सांगते, आमचे एक मोजणीदार घाबरले." दोघंही पावणेसातला हजर होते.

छपरावर चढायला लोखंडी शिडी होती, भिंतीला नुसती टेकवलेली. आधी भाऊ चढला. यजमान चढताना शिडी डुगडुगली. भावाने वरून ती दोन्ही हातांनी धरली आणि आभाळाकडे बघत राहिला, म्हणजे शिडीला धरलंय, माणसाला नाही, हे स्पष्ट व्हावं. साहेब सगळ्यात शेवटी चढले. वर पोहोचल्यावर ते छपराच्या बरोबर मध्यभागी बसले आणि शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत.

सकाळ लख्ख होती. पूर्वेच्या उघड्या भागात थापट्या पाणी पुसत चालले होते. पश्चिमेला पाणकणसांच्या सावलीत अर्धे अजून माना पाठीत खुपसून निजले होते. भावाने खिशातून मोजयंत्र काढलं आणि खट् केलं.

"ते काय आहे?" साहेब दचकून म्हणाले.

"मोजयंत्र."

"ते नको. छप्पर हादरतंय."

छप्पर हादरत नव्हतं, साहेब हादरत होते. पण साहेबांचा शब्द. भावाने तोंड वाकडं करून यंत्र खिशात घातलं, पेन्सिल काढली आणि दर पक्ष्यामागे एक रेघ अशा कागदावर रेघोट्या ओढायला लागला. यजमान एकदम त्याच्याकडे वळले. काहीतरी बोलणार होते, पण अकरा वर्षांची सवय आडवी आली.

आठ वाजता साहेब म्हणाले, "द्या."

भावाचा कागद स्वच्छ होता: पूर्व दोनशे तेवीस, पश्चिम एकशे शहाण्णव. यजमानांच्या कागदावर पूर्व दोनशे वीस होती. पश्चिमेच्या रकान्यात काही नव्हतं.

"पश्चिम राहिली का?" साहेबांनी विचारलं.

यजमान दुर्बीण पुसत होते. पुसून झाल्यावर पुन्हा पुसायला लागले.

"ताई, त्यांना विचार, शाई संपली का," भाऊ म्हणाला.

"अहो," बाई हळू म्हणाल्या, "लिहा ना. तुमच्या आकड्याशिवाय चालत नाही. एका सहीवर तळं सुटत नाही."

यजमानांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. "मला ती बाजू दिसत नाही," ते म्हणाले.

पाण्यावरून एक चांदवा पळत गेला.

"चार वर्षं झाली. जवळचं ठीक आहे, लांबचं सगळं दुधात पडल्यासारखं. मोतीबिंदू. मीच माझं तपासलं, दुकान बंद करून. वरची तीन अक्षरं वाचता आली." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "गावभर लोकांना खालची ओळ वाचायला लावली. कुठल्या तोंडाने सांगू?"

"चार वर्षं पूर्ण तळ्याचा आकडा देताय तुम्ही," बाई म्हणाल्या. "तो कुठून आणलात?"

यजमानांनी मेहुण्याच्या खिशाकडे बोट केलं. "त्याच्या खटक्यांवरून. सकाळी वारा नसतो. एकेक खटका स्पष्ट येतो समोर. मी डोळे मिटून ते मोजायचो."

भावाचा बारीक डोळा पूर्ण उघडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो थेट बोलला. "दाजी, मग तुमचे दर वेळी चार जास्त कसे?"

"तू चार सोडत असशील याची मला खात्री होती."

बाईंना वाटलं, आता गोणी निघणार. पण भावाने पेन्सिल खिशात टाकली आणि म्हणाला, "आणि मी मुद्दाम जोरात दाबायचो. तुम्हाला त्रास व्हावा म्हणून."

"होत होता," यजमान म्हणाले.

"फॉर्मवर दोन मोजणीदार लागतात," साहेब मध्यातून म्हणाले. "यांना दिसत नसेल तर मोजणी रद्द करावी लागेल. वाईट वाटतं, पण..."

"मी मोजते," बाई म्हणाल्या.

"तू?" दोघं एकदम म्हणाले. इतकं एकमत त्या छपरावरच काय, त्या घरातही कधी झालं नव्हतं.

यजमानांनी दुर्बीण काढून बाईंच्या गळ्यात घातली. बाईंनी ती डोळ्यांना लावली आणि पहिल्यांदा त्यांना नुसतं हिरवं काहीतरी दिसलं. "मधलं चाक फिरव, थोडं डावीकडे," यजमान म्हणाले, आणि हिरव्याचं गवत झालं, गवताच्या बुडाशी एक थापट्या उघड्या डोळ्याने त्यांच्याकडेच बघत होता. डोळा पिवळा होता. इतकी वर्षं ज्यांची बेरीज केली, त्यांच्यातल्या एकाला डोळा असतो आणि तो पिवळा असतो, हे त्यांना आज कळत होतं.

त्यांनी वर्ग मोजतात तसे पक्षी मोजले. निजलेले आधी, कारण ते जागचे हलत नाहीत. मग चुळबुळ करणारे. मग उगाच या टोकाचे त्या टोकाला जाणारे. त्यांच्यावर शेवटपर्यंत डोळा ठेवावा लागतो, नाहीतर ते दोनदा हजर होतात. मग उलट्या बाजूने पूर्वेचे. साहेबांचे पाय बधिर झाले होते. अर्ध्या तासाने बाईंनी कागदावर लिहिलं: पश्चिम एकशे शहाण्णव, पूर्व दोनशे तेवीस. एकूण चारशे एकोणीस.

भावाने आपला कागद शेजारी धरून पाहिला. "ताई, परत मोज," तो म्हणाला.

"का? जुळलंय."

"म्हणूनच. माझ्याशी कुणाचं जुळलं की मला काळजी वाटते."

"सही कर," यजमान म्हणाले. "नाहीतर मी त्यात चार मिळवीन."

भावाने सही केली. बाईंनी केली. साहेबांनी बसल्या जागीच शिक्का मारला. उतरताना भाऊ आधी खाली गेला, शिडी धरली आणि म्हणाला, "दाजी, खालची पायरी मोडकी आहे. सांगतोय, कारण तुम्हाला ती दिसायची नाही." या खेपेला तो आभाळाकडे बघत नव्हता.

सोमवारी इंजिनीअर आले नाहीत. तळं संवेदनशील झालं, पाणकणसं जागेवर राहिली आणि नौकाविहार दुसऱ्या गावच्या वाट्याला गेला. तिथे आधीपासूनच एकही पक्षी नसल्यामुळे कुणाची हरकत नव्हती. गावच्या वर्तमानपत्रात मात्र आलं: "तळ्यावरचे निम्मे पक्षी नाहीसे. पक्षिमित्र मंडळाच्या कारभारावर प्रश्नचिन्ह." काचेचं बदक विभागाने परत मागवलं. बाईंनी ते धुऊन, पुसून, वर्तमानपत्राच्या त्याच पानात गुंडाळून पाठवलं. बाजारात एक-दोघांनी विचारलं, "बाई, तुमच्या हातून साडेचारशे पक्षी गेले म्हणे?" बाई म्हणायच्या, "चारशे एकोणपन्नास." त्यापुढे कुणी विचारत नसे.

यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात भाऊ दोन दिवस बाकावर बसून होता आणि भिंतीवरचं घड्याळ दीड मिनिट मागे आहे, हे त्याने सात जणांना सांगितलं.

तळं संवेदनशील झाल्यामुळे आता तिथल्या सगळ्याच पक्ष्यांची मोजणी दर महिन्याला करणं भाग होतं. बाईंची काही तक्रार नव्हती. थापट्या एका संध्याकाळी दोन घिरट्या घालून परत बसले नाहीत, हे त्यांनी स्वतः पाहिलं. मग ऊन तापलं, पाणी काठापासून मागे सरकलं आणि उघड्या पडलेल्या चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे कपडे वर धरून चालल्यासारखे चालायला लागले. पाणकणसांत टिबुकलीने भिजक्या काड्यांचं घरटं केलं. दर वेळी उठताना ती अंड्यांवर घाईघाईने ओला पाला ओढून जाई, पाहुणे आले की पसारा झाकतात तशी. यजमान आता स्वतःच्या डोळ्यांनी पश्चिमेचा काठ बघत आणि मेहुण्याला दाखवत. मेहुणा म्हणे, "दिसतंय मला, दाजी, मला आधीपासून दिसतंय."

उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर विभागाचं पत्र आलं. साहेबांची बदली झाली होती, सही दुसऱ्या कुणाची होती. तळ्यावरील पक्षिसंख्या चारशे एकोणीसवरून एकतीसवर आली आहे. ही घट अत्यंत चिंताजनक आहे. एवढे पक्षी गेले कुठे, कोणाच्या परवानगीने गेले आणि ते परत आणण्यासाठी मंडळाने काय पावलं उचलली, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.

बाईंनी खुलासा लिहायला घेतला. यजमान म्हणाले, स्थलांतराची दोन पानं माहिती लिही. भाऊ म्हणाला, निघाल्याची तारीख आणि वेळ लिही, सहा वाजून बावन्न मिनिटं. यजमान म्हणाले, एक्कावन्न. अर्धा तास त्यावर गेला. शेवटी बाईंनी दोघांना चहाचे कप देऊन अंगणात बसवलं, कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

"उन्हाळा आहे. बदकं आपापल्या घरी गेली आहेत. थंडी पडली की येतील. तोवर तळं आहे तसं राहू द्यावं."